दिव्यांग विद्यार्थी कक्षाची जबाबदारी आली आहे, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेत शिकवते. नव्या शैक्षणिक वर्षापासून प्राचार्यांनी दिव्यांग विद्यार्थी सुविधा कक्षाची प्रमुख म्हणून माझी नेमणूक केली आहे. विशेष शिक्षणाचे कोणतेही प्रशिक्षण मी घेतलेले नाही. कक्षासाठी मिळालेली खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. प्रवेशाच्या वेळी नोंद झालेले विद्यार्थी सातच आहेत. ‘एवढ्यांसाठी वेगळा कक्ष कशाला, रॅम्प तर बांधला आहे,’ असे काही सहकारी म्हणतात. अध्ययन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थ्याकडे ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही, म्हणून त्याला वाढीव वेळ देण्यास परीक्षा विभाग तयार नाही. दिला तर इतरांवर अन्याय होईल, असेही बोलले जाते. सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीची दृष्टी कमी होत चालली आहे. तिने मला विश्वासाने सांगितले, पण घरी मोठ्या बहिणीच्या लग्नाचे चालले आहे, कोणालाही कळू देऊ नका, अशी विनंतीही केली. मी काय करावे? — एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

प्रशिक्षणाची काळजी तूर्त बाजूला ठेवा. एक मुलगी आपणहून येऊन तुमच्याशी मनातले बोलली, आणि या पदासाठी सर्वांत आधी लागते ते हेच. कोणाला कोणते व्यंग आहे याचे निदान करणे हे डॉक्टरांचे आणि मानसतज्ज्ञांचे काम आहे, त्यात तुम्ही पडायचे नाही. तुमच्याकडे सोपवली आहे ती महाविद्यालयाची व्यवस्था : परीक्षा, ग्रंथालय, वर्गखोल्या, वेळापत्रक, संकेतस्थळ, उपस्थितीचे नियम आणि शौचालयेसुद्धा. या व्यवस्थेत विद्यार्थ्याचे जिथे जिथे अडते, तिथे ती बदलून घ्यायची. ही गोष्ट प्राचार्यांशी पहिल्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावी, कारण तसे न झाल्यास असा कक्ष लवकरच अर्ज घेण्याची खिडकी होऊन बसतो आणि त्याच विद्यार्थ्याला प्रत्येक परीक्षेपूर्वी, प्रत्येक विषयाच्या शिक्षकापुढे तीच विनवणी नव्याने करावी लागते.

त्याच बैठकीत तळमजल्यावरची खोली मागून घ्या. जिना चढून जावे लागणाऱ्या कक्षात चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी येणार तरी कसा? कक्षप्रमुख म्हणून तुम्हाला कोणते अधिकार आहेत, परीक्षा विभागाला तुमचे पत्र बंधनकारक आहे की नाही, मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोणाचा, हे सारे प्राचार्यांच्या सहीच्या परिपत्रकात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर हे काम चालत नाही, कारण प्राचार्य बदलतात आणि परीक्षा विभागातील माणसेही बदलतात.

आता टक्क्यांचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. ४० टक्क्यांची अट त्यात आहे, पण ती प्रामुख्याने आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा राखून ठेवाव्यात असे कलम ३२ सांगते आणि त्या जागांसाठी ४० टक्के लागतात. शिकताना किंवा परीक्षा देताना आवश्यक असलेले वाजवी बदल करून देण्याचे कर्तव्य मात्र या टक्केवारीला बांधलेले नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हे निःसंदिग्धपणे सांगितले. या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, वैद्यकीय तपासणीत त्याचे दिव्यांगत्व अवघे ६ टक्के भरले होते आणि ४० टक्क्यांची अट पुरी होत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने लेखनिकाचा त्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तेव्हा तुमच्या परीक्षा विभागाला पत्र लिहिताना या निकालाचा आणि या सूचनांचा तारखेसह उल्लेख करावा. त्या विद्यार्थ्याला लिहिण्यात नेमकी काय अडचण येते, याचे सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र मिळवण्यास त्याला मदत करावी. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी बांबोळीची मनोरुग्ण आणि मानवी वर्तन संस्था गोव्यातील पालकांच्या परिचयाची आहे. त्याने शालान्त परीक्षेत गोवा बोर्डाकडून सवलत घेतली असेल, तर ते जुने कागदही फार उपयोगी पडतात. पुष्कळ मुले बारावीनंतर ते कपाटात टाकून देतात, महाविद्यालयात ते चालत नाहीत अशा समजुतीने.

वाढीव वेळेचे प्रमाण २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे असे आहे. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे आणि तीन तासांच्या पेपरला एक तास, असा हिशेब आहे. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे सत्रान्त परीक्षेला ही सोय मिळते, पण वर्षभर चालणाऱ्या आयएसएच्या (सत्रांतर्गत मूल्यमापनाच्या) छोट्या चाचण्या, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके आणि वर्गात अचानक घेतलेले प्रश्न यांत कोणालाच तिची आठवण राहत नाही. वीस गुणांची चाचणी अर्ध्या तासात संपते आणि मुलगा निम्मा पेपर कोरा ठेवून बाहेर पडतो. सोय मान्य झाली असेल तर ती प्रत्येक मूल्यमापनाला लागू आहे, हे वाक्य तुमच्या पत्रात असलेच पाहिजे.

इतरांवर अन्याय होतो, या म्हणण्याला रागाने उत्तर देऊ नये, कारण ते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक शिक्षक परीक्षेच्या शुचितेबद्दल खरोखरच दक्ष असतात. हिशेबशास्त्राच्या पेपरात आपण विद्यार्थ्याचे नेमके काय तपासतो, एवढाच प्रश्न त्यांना विचारावा. ताळेबंद मांडता येतो का, हे तपासायचे असेल, तर अक्षर ओळखायला दुप्पट वेळ लागणाऱ्या मुलाला थोडा वेळ अधिक दिल्याने ताळेबंद सोपा होत नाही. उत्तर चुकले तर ते चुकलेलेच राहते. जिथे वेग हाच कौशल्याचा गाभा आहे, उदाहरणार्थ टंकलेखनाच्या वेगाची चाचणी, तिथे वाढीव वेळ योग्य नसेलही, आणि तसे मोकळेपणाने मान्य करणारा कक्षप्रमुख सहकाऱ्यांचा विश्वास लवकर मिळवतो. लेखनिकाच्या बाबतीतही शंका राहू नये म्हणून महाविद्यालयानेच लेखनिकांची यादी वर्षाच्या सुरुवातीला तयार करावी, त्यांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, आणि परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याची व लेखनिकाची दोन-तीन वेळा गाठ घालून द्यावी. मराठीच्या पेपराला मराठी शुद्ध लिहू शकणारा लेखनिक हवा, ही साधी गोष्टही ऐनवेळी राहून जाते आणि ऱ्हस्व-दीर्घाचे गुण जातात ते विद्यार्थ्याचे.

निर्णय कसा घ्यावा, याची एक रीत ठरवून घ्या. विद्यार्थी आला की प्रमाणपत्र मागण्याआधी त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस सांगायला लावावा. बस कुठे सोडते, वर्ग कोणत्या मजल्यावर, फळ्यावरचे दिसते का, कोणत्या शिक्षकांचे ऐकू येते, मधल्या सुट्टीत शौचालयापर्यंत जाता येते का, घरी वाचायला किती वेळ लागतो. अडचण कुठे आहे ते यातून कळते, आणि उपाय बहुधा विद्यार्थ्यालाच तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. मग तो आणि तुम्ही मिळून काय करायचे ते ठरवावे, लिहावे, दोघांनी सह्या कराव्यात. शिक्षकांकडे जाणाऱ्या पत्रात व्यंगाचे नाव येऊ नये. पत्र एवढेच असावे : ‘या विद्यार्थ्यास प्रत्येक लेखी मूल्यमापनात तासाला २० मिनिटे वाढीव वेळ, संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा आणि पहिल्या रांगेत जागा द्यावी. अडचण आल्यास कक्षप्रमुखांशी संपर्क साधावा.’ कोणत्या तारखेला मागणी आली आणि कोणत्या तारखेला ती प्रत्यक्षात पूर्ण झाली, असे दोन रकाने असलेल्या नोंदवहीइतके उपयोगी साधन कक्षात दुसरे नाही. तीन डिसेंबरला दिव्यांग दिनाचा कार्यक्रम करण्याचा आग्रह तुम्हाला होईल आणि तो जरूर करावा, पण वर्षाअखेर प्राचार्यांपुढे अहवाल ठेवाल तेव्हा त्या दोन तारखांमधील दिवसांचा हिशेब आधी ठेवावा.

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान परीक्षेच्या कितीतरी आधी, वाचनाच्या साहित्यात होते, आणि मराठीत शिकणाऱ्या मुलांचे ते अधिक होते. दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी विद्यार्थी आज संगणकावर आणि मोबाइलवर पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली) वापरून स्वतः वाचू शकतात. एनव्हीडीए हा पडदावाचक मोफत मिळतो आणि त्यात मराठी आवाजही आहे. परंतु आपल्या महाविद्यालयांत फिरणाऱ्या मराठी नोट्स पाहा. काही जुन्या श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या असतात, काही वर्षानुवर्षे झेरॉक्स होत आलेल्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो असतात. डोळ्यांना ते मराठी दिसते, पण पडदावाचकाला पहिल्या प्रकारात इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी मिळते आणि दुसऱ्या प्रकारात काहीच मिळत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. फाइल उघडून एक ओळ निवडावी, तिची प्रत घ्यावी आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावी. मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे आणि ती वाचता येईल. भलतीच चिन्हे उमटली तर जुना फॉण्ट आहे, परिवर्तक वापरून ती बदलून घ्यावी लागेल. ओळ निवडताच आली नाही तर ते नुसते चित्र आहे, त्यातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करावा लागेल. गूगलची आणि अन्य मोफत साधने आता मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी ओळखतात, मात्र जोडाक्षरे आणि आकडे माणसाने तपासलेच पाहिजेत, विशेषतः तुमच्या वाणिज्याच्या कोष्टकांत. सत्राच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विभागाकडून एका विषयाच्या नोट्स मागवून ही एकच चाचणी करा. सहकाऱ्यांना भाषणाने जे पटत नाही, ते स्वतःच्याच नोट्स संगणकाच्या तोंडून ऐकल्यावर पटते.

पुस्तके स्कॅन करून द्यावीत की नाही, याबद्दल ग्रंथपालांना स्वामित्वहक्काची धास्ती असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांग वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा स्वरूपात करून देण्यास मुभा आहे, अट एवढीच की ते नफ्यासाठी नसावे. दृष्टिहीनांना पुस्तके उपलब्ध व्हावीत म्हणून २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. २०१६ पासून सुरू असलेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासदत्व तुमच्या पात्र विद्यार्थ्यांना मिळवून द्या. तिथे जे पुस्तक नाही, ते ग्रंथालयातच तयार करून घ्या. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र उभे केले आहे. असे काम महाविद्यालयाच्या पातळीवर होऊ शकते, हे प्राचार्यांना दाखवायचे असेल तर ते उदाहरण जवळचे आहे.

रॅम्प बांधला म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांना जूनमध्ये त्या रॅम्पवर घेऊन जावे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण तो पाळतो का, दोन्ही बाजूंना कठडा आहे का, आणि मुख्य म्हणजे त्यावर गुळगुळीत फरशी बसवली आहे का, ते पाहा. आपल्या पावसात चार महिने चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि फरशीवर शेवाळ धरते. तिथे कुबडी घेतलेल्या मुलाने पाय ठेवायचा कसा? सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, नियम केवळ शिफारशी न राहता सक्तीचे असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगमतेची मानके प्रसिद्ध केली आहेत. इमारतीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव याच आधारावर पाठवावा. तो मंजूर होईपर्यंत हाती असलेला उपाय वेळापत्रकाचा आहे. जो विद्यार्थी जिना चढू शकत नाही त्याच्या वर्गाचे सर्व तास तळमजल्यावर आणायला एक रुपयाही खर्च होत नाही.

सात ही संख्या पाहून कोणी कक्षाचे महत्त्व मोजू नये. प्रवेश अर्जातील चौकटीत खूण करणारे सात आहेत, एवढेच त्यातून कळते. थॅलेसेमियाचा विद्यार्थी साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यायला जातो आणि ७५ टक्के उपस्थितीच्या नियमात अडकतो. थॅलेसेमिया कायद्याने दिव्यांगत्वच आहे, पण ही चौकट आपल्यासाठी आहे हे बहुधा त्याला माहीत नसते. मानसिक आजारावर औषधे घेणारी मुलगी सकाळच्या पहिल्या तासाला पोहोचू शकत नाही आणि आळशी ठरते. पेडण्याकडचा एखादा मुलगा घरी मराठी-कोकणी ओठांवरून वाचत वाढलेला असतो, श्रवणयंत्राच्या आधारे बारावी काढतो, आणि महाविद्यालयात फळ्याकडे तोंड करून चाललेले इंग्रजी व्याख्यान त्याच्या हाती लागत नाही. अशा विद्यार्थ्यांनी यावे म्हणून प्रत्येक विषयाच्या पहिल्या तासाला शिक्षकांनी एक निवेदन वाचून दाखवावे : कोणालाही शिकताना कसलीही अडचण असेल तर अमुक खोलीत, अमुक वेळेत, खासगीत बोलता येईल. हे निवेदन सर्वांसमोर आणि सर्वांसाठी असते, त्यामुळे कोणाकडे बोट दाखवले जात नाही.

पैशांविषयी थोडक्यात. फार मोठ्या निधीची वाट पाहू नका, कारण वर सुचवलेल्यांपैकी बहुतेक गोष्टी वेळ आणि अधिकार मागतात. लेखनिकांचे मानधन आणि एक चांगला स्कॅनर महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली यावा, एवढा आग्रह धरा. काही अडलेच तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांच्या कार्यालयाला विचारावे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांसाठीचा पहिला ‘पर्पल फेस्ट’ हा महोत्सव झाला तेव्हापासून गोव्यात या विषयावर शासकीय पातळीवर उघडपणे बोलले जाते, आणि महाविद्यालयांनी त्याचा लाभ घेतला पाहिजे.

शेवटी त्या मुलीविषयी. तिची विनंती तुम्ही पाळलीच पाहिजे. गोव्यासारख्या लहान राज्यात शिक्षक-कक्षात बोललेली गोष्ट संध्याकाळच्या बसने तिच्या सत्तरीतल्या वाळपईला पोहोचते, त्यामुळे तिचे नाव तिच्या संमतीशिवाय प्राचार्यांपुढेही घेऊ नका आणि तिची नोंद कुलपात ठेवा. पण दोन गोष्टी तिला स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली, दृष्टी कमी होत असेल तर विलंब न करता नेत्रतज्ज्ञाकडे जाणे. काही विकार वेळीच उपचार केल्यास थांबतात. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी करून घेतलेली आहे का, नसल्यास तिच्याबरोबर कोण जाईल, हे विचारा, आणि कोणी नसेल तर तुम्ही जा. दुसरी, महाविद्यालयात तिला काय मिळू शकते आणि त्यासाठी किती जणांना काय कळावे लागेल. युनिकोडमधील नोट्स आणि व्याख्यानाच्या स्लाइड्स आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला मिळू लागल्या, तर तिच्यासाठी म्हणून वेगळे काही करावे लागणार नाही आणि कोणाला काही सांगावेही लागणार नाही. मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका आणि वाढीव वेळ यांसाठी मात्र परीक्षा विभागातील एका व्यक्तीला सोयीचे पत्र द्यावेच लागेल, ज्यात कारण लिहिलेले नसेल. ते द्यायचे की नाही, हे तिने ठरवावे, आणि आज नको म्हणाली तरी पुढच्या सत्रात हो म्हणण्याची वाट तिच्यासाठी मोकळी आहे हे तिला माहीत असावे.

यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज, घरच्यांशी बोलणे, तुमच्याच तालुक्यात ढवळीला असलेल्या लोकविश्वास प्रतिष्ठानसारख्या, दृष्टिहीन मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी ओळख करून देणे, या पुढच्या गोष्टी आहेत आणि त्या तिच्या गतीने होऊ द्या. एक काम मात्र आत्ताच सुरू करण्यासारखे आहे. थोडीफार दृष्टी शिल्लक आहे तोवर तिला न पाहता कळफलकावर मराठी आणि इंग्रजी टाइप करायला आणि एनव्हीडीए वापरायला शिकवा. संगणक प्रयोगशाळेत ‘संगणक कौशल्य’ म्हणून चार-पाच विद्यार्थ्यांचा गट करून आठवड्याचे दोन तास ठेवलेत, तर ती त्यात सहज बसेल आणि तिच्याकडे कोणाचे वेगळे लक्ष जाणार नाही.